जोखीम कळावी, दोष टळावा

विशीतला मुलगा हळूहळू मित्रांना टाळू लागतो. अभ्यास सुटतो, रात्ररात्र जागरण होते. शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात, मोबाइलमधून कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते आहे, असे तो सांगू लागतो. मग कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घरचे आधी रागावतात, नंतर घाबरतात. देवऋषी, अंगारा, ‘लग्न केले की सुधारेल’ अशी वळणे घेत कित्येक महिन्यांनी ते मनोविकारतज्ज्ञांच्या दारात पोहोचतात. तिथे त्यांचा पहिला प्रश्न उपचारांचा नसतो, ‘हे कशामुळे झाले?’ हा असतो. त्याची दोन उत्तरे घरात आधीच तयार असतात. मुलाच्या खिशात कधी गांजाची पुडी सापडली असेल, तर ‘गांजाने वाटोळे केले’. सापडली नसेल, तर ‘त्यांच्या घराण्यातच आहे’. यातले ‘त्यांचे घराणे’ बहुधा आईचे माहेर असते.

दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश आहे. मात्र दोन्ही उत्तरे कोणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि त्या भांडणात उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात. सायकोसिस, म्हणजे भास, भ्रम आणि वास्तवाशी तुटलेले नाते यांनी ओळखल्या जाणाऱ्या आजारांचा समूह. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वाधिक अभ्यासलेला. या आजारांच्या मुळाशी काय असते, याचा शोध गेली अनेक दशके जगभर चालू आहे. त्यातून जे हाती आले आहे, ते ‘गांजा की आनुवंशिकता’ या वादाचा निकाल लावत नाही. उलट हा वादच बाजूला ठेवून जोखमीचा विचार करायला ते शिकवते.

अशा शोधाची एक जुनी कथा आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यानंतर १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते आणि सात सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने सुमारे बाराशे साक्षी नोंदवल्या. वेड्यांची इस्पितळे गांजामुळे वेडे झालेल्यांनी भरली आहेत, असा त्या काळी पक्का समज होता आणि त्याला आधार इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांचा होता. १८९२ या वर्षात दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे आजाराचे कारण म्हणून हे पदार्थ नोंदलेले होते. आयोगाने तक्ते जसेच्या तसे न स्वीकारता एकेका रुग्णाची फेरचौकशी केली. रुग्णासोबत येणाऱ्या कागदावर कारणाचा रकाना असे. तो बहुधा पोलिसांच्या जुजबी चौकशीवरून भरलेला असे आणि दुसरे काही कारण ठाऊक नसले की तिथे गांजा लिहिला जाई. फेरतपासणीनंतर २२२ पैकी ९८ जणांच्याच बाबतीत हा संबंध मानण्याजोगा उरला. केवळ या पदार्थांकडेच बोट दाखवता येईल असे त्यातले ६१ होते.

तक्त्यातली संख्या निम्म्याहून खाली आली, पण ती शून्यावर आली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. माफक सेवनाने मनावर घातक परिणाम होत नाहीत, असे म्हणतानाच आयोगाने उपजत मानसिक कमजोरी असलेल्यांचा अपवाद केला होता. अतिसेवन हे मानसिक अस्थैर्याचे लक्षणही असते आणि ते अस्थैर्य वाढवतेही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजार आधी की व्यसन आधी, आणि कोणाला अधिक धोका, हे आजच्या संशोधनाचे दोन्ही कळीचे प्रश्न त्या १८९४ च्या अहवालात मांडलेले आढळतात.

त्यांचा नीट मागोवा घेण्यासाठी हजारो निरोगी माणसांची आधी नोंद करून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. ही संधी स्वीडनमध्ये मिळाली. १९६९-७० मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या तरुणांना अमली पदार्थांच्या सेवनाबद्दल विचारले गेले होते. स्वेन आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी त्यांतील ४५,५७० जणांची माहिती पुढील १५ वर्षांच्या इस्पितळ-नोंदींशी ताडून पाहिली आणि १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. भरतीपूर्वी ५० पेक्षा अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होते. पुढे हाच मागोवा २७ वर्षांपर्यंत लांबवला गेला. इतर व्यसने, बुद्ध्यांक, सामाजिक मिसळण्यातल्या अडचणी, शहरातले बालपण असे घटक हिशेबात घेतल्यावर सहापट जोखीम तिपटीच्या आसपास आली. म्हणजे आधीच्या आकड्याचा मोठा भाग इतर गोष्टींमुळे फुगलेला होता, पण त्या वगळूनही काही उरतच होते.

न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यात पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के तरुणांत सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासदृश विकार आढळला. इतरांत हे प्रमाण ३ टक्के होते. अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांत फरक इतका ठळक नव्हता. या मुलांना अकराव्या वर्षीच विचित्र भास वा संशय होते का, याचीही नोंद संशोधकांकडे होती. ती लक्षात घेतल्यावर फरक कमी झाला आणि गट लहान असल्याने त्याबद्दल ठामपणे बोलणे अवघड झाले. तरीही पौगंडावस्थेतले सेवन वेगळे मानले पाहिजे, हा विचार या अभ्यासाने पुढे आणला.

तिसरा मोठा टप्पा २०१९ चा. लंडनमधील किंग्ज कॉलेजच्या मार्ता दी फोर्ती यांच्या पुढाकाराने युरोप व ब्राझीलमधील ११ ठिकाणी, सायकोसिस पहिल्यांदाच झालेले ९०१ रुग्ण आणि त्याच भागांतील १,२३७ निरोगी लोक यांची तुलना करण्यात आली. रोज गांजा घेणाऱ्यांत आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिपटीने अधिक होती. ज्या गांजात टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण १० टक्के वा त्याहून अधिक असते, असा गांजा रोज घेणाऱ्यांत ती जवळपास पाचपट होती. जिथे तीव्र गांजा सहज मिळतो आणि रोज घेतला जातो, त्या लंडन आणि ॲमस्टरडॅममध्ये सायकोसिसच्या नव्या रुग्णांचे प्रमाणही अधिक होते.

टीएचसी मेंदूत काय करते, हेही आता बरेच कळले आहे. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये हा घटक वेगळा केला आणि तो मेंदूतील ज्या रिसेप्टरला चिकटतो त्याची ओळख १९९० मध्ये पटली. हे रिसेप्टर मुळात शरीर स्वतः तयार करत असलेल्या तत्सम रसायनांसाठी असतात आणि चेतापेशींमधील संदेशांची तीव्रता आवरण्याचे काम करतात. पौगंडावस्थेपासून विशीच्या मध्यापर्यंत मेंदू नको असलेली जोडणी काढून टाकून उरलेली पक्की करत असतो. त्या कामात हीच यंत्रणा गुंतलेली असते. नेमक्या याच वयात बाहेरून टीएचसीचा मारा झाला तर घडी बिघडू शकते, हा तर्क त्यामुळे पटण्याजोगा ठरतो. येल विद्यापीठात दीपक डिसूझा आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली शिरेतून टीएचसी दिले, तेव्हा काही काळासाठी संशय, विस्कळीत विचार अशी सायकोसिससारखी लक्षणे उमटली आणि ओसरली. त्याच वनस्पतीतला सीबीडी हा घटक मेंदूवर अनेक बाबतींत टीएचसीच्या उलट परिणाम करताना दिसतो. मात्र अधिक नशेसाठी जोपासलेल्या वाणांत टीएचसी वाढत गेले आणि सीबीडी नगण्य राहिले. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेले.

येथवरचा पुरावा गांजाच्या विरोधात जातो. आता दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. जिच्या मनात आजाराची चाहूल लागलेली आहे, अशी व्यक्ती अस्वस्थता दाबण्यासाठी गांजाकडे वळू शकते. शिवाय ज्या परिस्थितीतून मुले लवकर व्यसनाकडे जातात, त्याच परिस्थितीतून आजारही येऊ शकतो: लहानपणीचे अत्याचार, उपेक्षा, एकटेपणा, तंबाखू. स्वीडनमधील नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात गांजा घेणाऱ्याची तुलना त्याच्याच न घेणाऱ्या भावंडाशी केली, तेव्हा जोखमीतला फरक बराच खाली आला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमधील भावंडांच्या अभ्यासात मात्र तो टिकून राहिला. आजाराची जनुकीय जोखीम अधिक असलेल्या माणसांत गांजा सुरू करण्याची प्रवृत्तीही किंचित अधिक असते, हेही दिसून आले आहे. दोन्ही दिशांनी वाट आहे, असेच आजवरचा पुरावा सुचवतो. एक दिशा खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

मग आनुवंशिकतेचे काय? इथे संशोधनाने आधी एक मोठा अन्याय केला आणि नंतर तो दूरही केला, हे विसरता कामा नये. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी आईच्या थंड आणि नाकारणाऱ्या वागण्यातून मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, या अर्थाची संकल्पना मांडली. पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतील असंख्य मातांनी तो आरोप सोसला. १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांपासून जन्मानंतर लगेच वेगळी झालेली आणि अन्यत्र वाढलेली ४७ मुले प्रौढपणी शोधून काढली. त्यांतील पाच जणांना हा आजार झाला होता. तुलनेसाठी घेतलेल्या, तशाच रीतीने आईपासून दूर वाढलेल्या ५० जणांपैकी एकालाही तो नव्हता. आजारी आईच्या हाती न वाढताही तिच्या मुलांत आजार उमटला होता. संगोपनावर सारा ठपका ठेवणारा सिद्धान्त त्यापुढे टिकू शकला नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांनी हे चित्र अधिक स्पष्ट केले. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदवहीवर आधारित २०१८ च्या अभ्यासाने लोकसंख्येत दिसणाऱ्या जोखमीतील फरकांपैकी सुमारे ७९ टक्के वाटा आनुवंशिक असल्याचे अनुमान काढले. हा आकडा ऐकून अनेक कुटुंबांचा धीर सुटतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र त्यांना क्वचितच सांगितला जातो. सारखी जनुके असलेल्या एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार असेल, तर दुसऱ्यालाही तो झाल्याचे प्रमाण ३३ टक्के होते. म्हणजे जनुके सारखी असूनही तीनपैकी दोघे वाचले. आनुवंशिकता म्हणजे अटळ प्रारब्ध नव्हे, हे यातून दिसते.

एकेकाळी स्किझोफ्रेनियाचे एखादे मोठे जनुक सापडेल, अशी आशा होती. ती फोल ठरली. २०१४ मध्ये अनेक देशांच्या संयुक्त गटाने सुमारे ३७ हजार रुग्णांच्या जनुकसंचांची तुलना करून आजाराशी संबंधित १०८ जागा दाखवल्या. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६ हजारांवर गेली आणि जागा २८७ झाल्या. यातल्या प्रत्येक फरकाचा परिणाम अतिशय लहान असतो आणि त्यांतले अनेक फरक तुमच्या-आमच्या सर्वांत असतात. काही दुर्मीळ बदल मात्र जोरकस आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा जन्मतः नसलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनिया होतो. पण असे लोक फार थोडे. लहान फरकांची बेरीज करून काढलेला जोखीम-गुणांक गटागटांतला फरक दाखवण्यास उपयोगी पडतो, एका व्यक्तीचे भविष्य सांगण्यास नाही. २०२२ च्या विश्लेषणात जोखमीतील फरकांपैकी सरासरी सात टक्क्यांच्या आसपास भागच तो स्पष्ट करू शकला. तेव्हा लग्नापूर्वी वा नोकरीपूर्वी रक्त तपासून हा आजार कळतो, असे कोणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे.

गांजा आणि जनुके एकमेकांना कशी भेटतात, हा या संशोधनाचा सर्वांत अवघड भाग. २००५ मध्ये डनेडिनच्याच माहितीवरून एका बातमीने खळबळ उडवली. मेंदूतील डोपामिनच्या विघटनाशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांनाच किशोरवयातील गांजा घातक ठरतो, असा त्याचा आशय होता. पुढे इतरांनी पडताळणी केली तेव्हा हा निष्कर्ष सातत्याने मिळाला नाही. एका जनुकाची सोपी कथा पुन्हा एकदा अपुरी पडली. अलीकडे मोठ्या गटांत शेकडो-हजारो फरकांची बेरीज आणि गांजाचे सेवन एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्हींचा भार स्वतंत्रपणे पडतो, असे दिसले. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याची जोखीम आधीच अधिक असल्याने त्याने गांजापासून दूर राहणे शहाणपणाचे. पण ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही, मग मला काय होणार’ हा दिलासाही खोटा आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांत आणि भावंडांत कोणालाच तो नसतो.

आता पटींच्या भाषेतून माणसांच्या संख्येकडे येऊ. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एकाच्या आसपास मानले जाते. आई, वडील वा भावंडांपैकी कोणाला असेल तर ते शंभरात सहा ते दहापर्यंत जाते. रोजच्या सेवनाने जोखीम तिप्पट-चौपट झाली, तरी शंभरातल्या ९५ हून अधिक जणांना हा आजार होणार नाही. म्हणूनच ‘गांजा ओढला की वेड लागते’ हा प्रचार मुलांसमोर टिकत नाही. त्यांना माहीत असलेले दहा मित्र ठणठणीत असतात आणि मग ती आपल्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. दुसरीकडे, एका व्यक्तीसाठी लहान वाटणारी ही वाढ समाजासाठी लहान नसते. डेन्मार्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी गांजाच्या व्यसनाशी जोडता येण्याजोगा वाटा १९९५ पर्यंत सुमारे २ टक्के होता, तो २०१० नंतर ६ ते ८ टक्क्यांवर गेला. कॅनडातील ओन्टारियो प्रांतात गांजावरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठत गेले, त्या काळात हाच वाटा ३.७ टक्क्यांवरून १०.३ टक्क्यांवर गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. स्किझोफ्रेनियाच्या नव्या निदानांचा एकूण दर तिथे स्थिर राहिला, पण नेमके नाव न देता आलेल्या सायकोसिसच्या निदानांत मोठी वाढ झाली, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले. दोन्ही वाक्ये एकत्र वाचल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

गांजा हा या आजाराच्या अनेक वाटांपैकी एक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये आणि १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये पडलेल्या दुष्काळांत गर्भावस्थेत उपासमार सोसलेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. बालपणीचे अत्याचार आणि छळ, स्थलांतरितांच्या वाट्याला येणारा भेदभाव, गर्भारपणातल्या व प्रसूतीतल्या गुंतागुंती यांचाही संबंध वारंवार दिसला आहे. म्हणून माता-पोषण, सुरक्षित बाळंतपण आणि बालकांचे संरक्षण हीदेखील मानसिक आरोग्याचीच कामे आहेत.

या साऱ्या संशोधनात भारत कुठे आहे? जनुकीय अभ्यासांतील बहुतांश नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत आणि त्यावरून काढलेले जोखीम-गुणांक इतर समाजांत कमी अचूक ठरतात. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने ऑस्ट्रेलियातील संशोधकांसह तमिळनाडूतील कुटुंबांचा जनुकसंच-अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये एकाहून अधिक सदस्य आजारी असलेल्या कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. ही सुरुवात चांगली आहे, पण देशाच्या आकाराच्या मानाने अपुरी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी त्याआधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतली होती. त्यांतले अधिक लोक कायद्याने वगळलेली भांग घेणारे होते. गांजा आणि चरस घेणाऱ्यांचे प्रमाण १.२ टक्के होते.

कायद्याची घडी आणि विज्ञानाची समज यांच्यातील अंतर इथे उघडे पडते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा वजनावर चालतो. एक किलोपेक्षा कमी गांजा ‘अल्प’, २० किलोपेक्षा अधिक ‘व्यापारी’. जोखीम मात्र ठरते ती तीव्रता, वय आणि वारंवारता यांवर. गेल्या काही वर्षांत बँकॉकहून मुंबई विमानतळावर येणारा हायड्रोपोनिक गांजा वारंवार पकडला जात आहे. बंदिस्त जागेत, कृत्रिम प्रकाशात जोपासलेला हा तीव्र माल कायद्याच्या लेखी साध्या गांजासारखाच असतो आणि बातमीतही त्याचे वजन व किंमत एवढेच येते. त्यात टीएचसी किती, हे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी नियमितपणे मोजून प्रसिद्ध करावे. त्याशिवाय महाराष्ट्रातील तरुणांच्या हाती नेमके काय पडते आहे, हे आरोग्य विभागाला कळणार नाही.

याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, सेवनाचा वा अल्प साठ्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून उपचार स्वीकारल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. ती कागदावरून व्यवहारात आली पाहिजे. मुलगा संशयाने आणि आवाजांनी पछाडला असताना ‘गांजा घेतो हे डॉक्टरांना सांगितले तर पोलीस येतील’ या भीतीने आईवडील गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. डेन्मार्कमध्ये, गांजामुळे उद्भवलेली तात्पुरती सायकोसिस म्हणून निदान झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया वा बायपोलर विकाराचे निदान झाले. म्हणजे ‘नशा उतरली, आता ठीक आहे’ असे म्हणून घरी नेण्याजोगा तो प्रसंग नसतो. पहिल्या झटक्यानंतर गांजा चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाणही अधिक असते. सोडणाऱ्यांना त्याचा खरा फायदा होतो.

आपल्याकडचे सर्वांत मोठे संकट उशिराचे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसच्या सुमारे ७५ टक्के रुग्णांना योग्य उपचार मिळत नसल्याचे दिसले होते. उशीर कमी करता येतो, हे नॉर्वेच्या रोगालँड भागाने दाखवले. वृत्तपत्रांतून, शाळांतून लक्षणांची माहिती सतत देऊन आणि लगेच घरी येणारी पथके उभारून त्यांनी पहिल्या लक्षणापासून उपचारांपर्यंतचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर आणला. महाराष्ट्रातही समाजाने पुढाकार घेतल्याची उदाहरणे आहेत. कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटाने हा आजार आणि त्याच्या शेजारी उभे राहणारे कुटुंब मराठी घराघरांत पोहोचवले. अशा संस्थांनी पेललेला भार आता सरकारी यंत्रणेनेही उचलला पाहिजे.

काय करता येईल, हे अवघड नाही. शाळा-महाविद्यालयांत भीतीचे फलक लावण्याऐवजी नेमके सांगावे: पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात करणे, रोज घेणे आणि तीव्र माल घेणे यांत खरा धोका आहे, घरात आजार असेल तर तो अधिक आहे, संशय वाढू लागला, आवाज ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी थांबून मदत मागावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तरुण रुग्णाला गांजा, तंबाखू आणि घरातील आजारांबद्दल विचारावे, आणि ते विचारणे चौकशीसारखे नव्हे, विचारपूस केल्यासारखे असावे. कुटुंबांनी सून, आई, माहेर यांच्या नावाने बोटे मोडणे थांबवावे, कारण जनुके कोणी निवडून देत नाही. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असायला हवा.

शासनाकडे मागणी एकच, पण ठाम आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांपुरती ही सेवा सीमित न ठेवता, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सायकोसिसच्या पहिल्या झटक्यासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग हवा. तिथे व्यसनमुक्ती आणि मनोविकार यांचे उपचार एकाच छताखाली मिळावेत, आणि तिथल्या नोंदी संमतीने व गोपनीयता राखून संशोधनासाठी वापरता याव्यात. जनुके बदलणे आपल्या हाती नाही. गांजा टाळणे काही प्रमाणात आहे. पहिल्या लक्षणापासून काही आठवड्यांत आजारी तरुणाला उपचार मिळवून देणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि राज्याच्या मानसिक आरोग्य धोरणाचे यश त्याच कसोटीवर मोजले गेले पाहिजे.